तुमच्या बहिणीच्या वहीतले तीस दिवस

मोडनिंब
२४ मे

सन्माननीय सयाजीराव यांना मेहुणे हिंदुराव यांचा हात जोडून नमस्कार. करमाळ्यात तुमचे गुडघे आणि वहिनींचा दमा दोन्ही आटोक्यात असावेत. पत्र बघून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. मला घालवलंय, एवढंच. फोनच केला असता, पण इथं आमची धाकटी बहीण केराबाई कान लावून असते, आणि मला जे सांगायचंय ते मध्ये कुणी न बोलता सांगायचंय. (घरात ही सोय मला कधी नव्हती.)

तुम्हाला ठाऊक आहेच की तुमच्या बहिणीनं, म्हणजे आमच्या सौ. सोजरनं, पंचावन्नाव्या वर्षी बाहेरून बी.कॉम.ला नाव घातलं. दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र. त्यात सहसंबंध म्हणून धडा आहे. दोन गोष्टी बरोबरीनं वाढतात का, हे एका आकड्यात सांगायचं. आकडा एकच्या जवळ आला तर दोन्ही हातात हात घालून चालतात, शून्याजवळ गेला तर ओळखसुद्धा नाही. प्रकल्पासाठी बाकीच्यांनी पाऊस आणि तूर, जाहिरात आणि विक्री असले सभ्य विषय घेतले. तुमच्या बहिणीनं घेतला, 'पतीचे घरातील तास आणि पत्नीचा रक्तदाब'.

एप्रिलभर ती रोज संध्याकाळी सातला दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची. मला वाटायचं, बाई तब्येतीला जपते. दोनदा मी कौतुकही केलं. प्रकल्प वाचून दाखवायच्या दिवशी मीच तिला स्कूटरवर नेलं आणि ऊन फार म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसलो. तिनं आलेख टांगला. तीस दिवसांचे तीस ठिपके, मुंग्यांसारखे तिरके वर चढलेले. सहसंबंध ०.८८. मग त्यातून एक रेषा ओढली. तिला समाश्रयण म्हणतात. (नावात आश्रय आहे. माझा तिथंच गेला.) रेषेचं म्हणणं असं की मी घरात एक तास जास्त बसलो की हिचं बीपी दोननं चढतं, आणि मी घरात शून्य तास असलो तर ते एकशे सोळा. अख्खा वर्ग मागं वळून माझ्याकडे बघत होता. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलली, सयाजीराव, पण असं उघड्यावर मला कुणी खोललं नव्हतं.

दोन दिवस मी तिचंच पुस्तक घेऊन बसलो. त्यात ठळक अक्षरात छापलंय की सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. मी पुस्तक काखेत मारून, तिलाही बरोबर घेऊन, तिला हा विषय शिकवणाऱ्या विरेश सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, उन्हामुळं मी घरात बसतो आणि उन्हामुळंच हिचं बीपी चढतं. दोष सूर्याचा हाय, माझा न्हाय."

सर भला माणूस. म्हणाले, "काका, मुद्दा बरोबर आहे. आकडा कारण सांगत नाही. कारण शोधायचं तर प्रयोग करावा लागतो. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट हलवायची."

सोजरनं माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पिशवी भरलेली. "पंदराच दिवस. लई न्हाय," असं म्हणून ती माझे दोन सदरे घडी करायला लागली. तेवढ्यात मी तिची वही उघडली. आकड्यांपुढं शेऱ्याचा रकाना होता. 'आमटीत मीठ जास्त म्हणाले, तीनदा.' 'माझ्या अभ्यासाला हसले.' 'दिवसभर बोलले नाहीत.' एक महिना मी असा होतो, हे मला वहीतून कळलं. एकाच दिवशी मी अकरा तास घरात आणि तिचं बीपी एकशे अठरा. शेरा, 'शेजारी बसून शेंगा सोलल्या. गप्पा.' त्यावर लाल पेननं फुली. मी विचारलं, तर म्हणाली, "त्यो दिवस काढून टाकावा का म्हनून इचार करतीय. रेषा बिघडवतोय."

मी वही मिटली. पिशवी उचलली आणि सोलापूरहून मोडनिंबची एसटी धरली.

आता पंधरा दिवस झाले. रोज सातनंतर तिचा फोन येतो, केरा घेते आणि अंगणात उभी राहून मला ओरडून सांगते, "दादा, एकशे सतरा! झ्याक की!" आळीतल्या लोकांनाही आता माझ्या गैरहजेरीचे फायदे पाठ झालेत. काल मी परत येतो म्हणालो, तर निरोप आला की पंधरा दिवसांचा नमुना अपुरा आहे, आधीसारखेच तीस हवेत.

तुमचा,
हिंदुराव

ता. क. : खरं काम हे, की तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचं ती ऐकते. फोन करून 'पंधरा पुरे' एवढं सांगा. सातच्या आत करू नका आणि आवाज चढवू नका, त्या दिवशीचा आकडा तुमच्यापायी वाढायचा.

ता. क. २ : केराकडेही यंत्र आहे. रिकामपणी मी माझंही बीपी मोजतो. सोलापुरात दीडशेच्या खाली येत नव्हतं, इथं एकशे चोवीस आहे. भूक लागते, झोप लागते. हे तिला कळू देऊ नका. मला घरी जायचंय.