भाषणातून गाळलेलं वाक्य

निजामपुरा, बडोदे
९ जानेवारी २००२

प्रिय मोहना,

नागपूरच्या थंडीत प्रयोगशाळेत स्वेटर घालतेस का, असं आई विचारतेय. शेजारच्या कोकिलाबेन रोज जिन्यात अडवतात, "मोहना उत्तरायण पर आवशे ने?" संक्रांतीला येणार ना, म्हणून.

दिवाळीत कणीक मळता मळता तू मला तुझं संशोधन समजावलंस. साखर वाढलेली राहिली की शरीरात गंजासारखं काहीतरी सुरू होतं, धमनीचा आतला थर दाहानं सुजतो, चरबी तिथेच अडकते आणि वाट बुजत जाते. ऐकताना माझा ऊर भरून आला. पण ऊर भरला की मला व्यासपीठ दिसू लागतं, हे तुला ठाऊक आहे.

पुढच्याच रविवारी मधुमेही मंडळात तासभर गरजलो. गंज चढतो ना, मग गंजच काढा! लहरीपुऱ्याच्या बाजारातून आवळे आणा, जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घ्या, परदेशी कंपन्यांच्या गोळ्या फेका! टाळ्या थांबेनात. त्या कॅप्सूल हजारो रुग्णांना देऊन पाहिल्या तरी हृदयविकार टळला नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत, हे तू बजावलेलं मी गाळलं. विसरलो नव्हतो, बाळ. त्यानं भाषण पडलं असतं.

मंडळातल्या संपतरावांनी गोळ्या फेकल्या. जन्मभर रिफायनरीत पाइप तपासणारा माणूस. बाहेरून रंग चकचकीत, आतून कुरतडलेला पाइप त्यांना ठोकून कळायचा. माझा शब्द मात्र त्यांनी ठोकून पाहिला नाही. नाताळच्या आठवड्यात छातीत कळ नाही, काही नाही, नुसती धाप लागली. हृदयविकाराचा झटका होता. मधुमेहात तो असा मुकाही येतो म्हणे. वाचले. भेटायला गेलो तर नाकात नळी असताना हसले. म्हणाले, दत्तोपंत, एवढे आवळे सांगितलेत, येताना एक तरी आणायचात!

आता खरं लिहितो. गोळ्या मीही फेकल्या होत्या. महिनाभर आपला जिना दोनदा थांबून चढतोय. आईला सांगतो, पायरीवर भाषण सुचतंय. डॉक्टरांनी गोळ्या परत सुरू केल्यात, एकवीस तारखेला, सोमवारी, अँजिओग्राफी आहे. पण तू त्याआधी, एकोणीसला शनिवारीच ये. रविवारी त्याच सभागृहात मी पाच मिनिटं उभा राहून चूक कबूल करणार आहे. नंतर तू बोलायचंस, काहीही न गाळता. लहानपणी माझं भाषण लांबलं की तू टेबलावरची घंटी वाजवायचीस. या वेळी घंटी माझ्याजवळ असेल. वाजवणार नाही.

पहिल्या रांगेत बसलेला,
तुझाच
बाबा