मंगळवारची टेप

सोमवार, १० नोव्हेंबर १९९७

भैंसा. नांदेडहून सकाळच्या बसने पोचलो. जिनिंग मिलचे मालक सुधाकरराव स्वतः स्टँडवर घ्यायला आले, वाटेत गरम जिलबी खाऊ घातली. उन्हाळ्यातल्या आगीत त्यांचा सर्व्हर जळाला, सगळ्या नोंदी गेल्या. पुन्हा तसं झालं तर एका दिवसात काम उभं राहावं, ही माझी जबाबदारी. नुसत्या फायली नाहीत. रोज संध्याकाळी अख्खी डिस्क जशीच्या तशी टेपवर उतरवायची. एक टेप इथल्या कपाटात, दुसरी नार्नूरच्या गोदामात. दोन टेपा काऊन, असं हजेरी-कारकून मारोतरावांनी विचारलं. मिल जळाली तरी एक वाचेल, म्हणालो.

मंगळवार, ११

दोन्ही टेपा नीट उतरल्या. यंत्रांचा आवाज एवढा की फोनची घंटाही ऐकू येत नाही.

बुधवार, १२

चाचणी म्हणून कालची टेप सुट्या डिस्कवर उतरवून पाहिली. हजेरीत एकेचाळीस मजूर. सर्व्हरवर आज चाळीस. देवकाबाई हे नाव मागच्या महिन्यातूनही गेलेलं. मारोतरावांना विचारलं. त्यांनी आधी दार लावलं. काल दुपारी तिचा पदर रोलरमध्ये गेला, मग हात, मग खांदा. ती ओरडत होती. सुधाकररावांनी यंत्र थांबवू दिलं नाही. प्रेत सरकीच्या ढिगाखाली आहे.

"बाई कामावर कदी नव्हतीच, असं सांगून राह्यले," ते म्हणाले. "नाव मीच पुसलं, सायब."

गुरुवार, १३

देवकाबाईची बहीण बयनाबाई फाटकावर तिला शोधत आली. कुभीरला राहते, शाळेमागे. सगळं सांगितलं. ती रडली नाही. मंगळवारची दुसरी टेप अजून नार्नूरला धाडली नव्हती, ती तिच्या पिशवीत भाकरीखाली ठेवली. सोमवारी आदिलाबादला कलेक्टर गाऱ्हाणी ऐकतात, तेव्हा कचेरीत ने, म्हणालो.

दुपारी सुधाकररावांनी कपाटातली मंगळवारची टेप माझ्यासमोर जाळली. दुसरी कुठे, हे अगदी शांतपणे विचारलं. नार्नूरला गेली, म्हणालो.

शुक्रवार

मारोतराव गाठी बांधायच्या प्रेसपाशी पडलेत. उजव्या हाताची चार बोटं नाहीत. भोवतालची रुई लाल. मजूर मान खाली घालून काम करताहेत — यंत्रं चालूच.

नार्नूरचं गोदाम उलथून सुधाकररावांची माणसं रिकाम्या हातांनी परत आली. फाटकाला कुलूप. पाचजण. माझ्या खोलीकडेच —

दारावर कुऱ्हाड. एक फळी गेली.

कालचं पान. बयनाबाईचं गाव लिहिलंय मी. शाळेमागे, हेसुद्धा. आधी ते पान फाडायला