कंबरेचं खरं माप

मंगळवार, १२ मार्च
दुकानातून, सकाळी

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल शनिवारीच मिळालं. तिन्ही पँटी घट्ट होतात, दोन-दोन इंच सैल करून हव्यात, ही चिठ्ठीही वाचली. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे. शेजारच्या चष्मेवाल्याने दुकान रंगवलंय, वास आमच्या कपड्यांना लागतोय आणि गिऱ्हाइकं माझ्यावर डाफरतायत.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस आणि मीही तुझ्याबरोबर हसत बसतो. म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणजे काय, हे तिसऱ्यांदा. दोन ओळी झाल्या की उठतो, उगाच कात्री जागेवर ठेवतो, इस्त्री बंद आहे ना ते बघतो.

तीन आठवड्यांपूर्वी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाई पांढरा कोट शिवायला आल्या होत्या. कोटाची उंची मोजायला मी खाली वाकलो, तर वरून म्हणाल्या, "मानेमागे ही काळी कातडी कधीपासून आहे?"

"घामाचा मळ असेल हो. रोज घासतो."

"घासून जायची नाही ती, साखर बिघडत असल्याची खूण असते. उद्या उपाशीपोटी या."

गेलो. पाच गोष्टी बघितल्या त्यांनी: पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. यातल्या तीन बिघडल्या तरी त्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझ्या चार बिघडल्यात. मी म्हटलं, "पण दुखत तर काहीच नाही." त्या म्हणाल्या, "म्हणूनच कुणी येत नाही. हृदयावर जातं तेव्हा येतात."

आप्पांनाही काही दुखत नव्हतं. अर्धी बाही हातात, आणि मशीनवर मान टाकली. पंचावन्नावं संपलं नव्हतं. त्यांची मानही अशीच होती, आई खरखरीत टॉवेलने घासायची. तुझीही आहे. मागच्या खेपेला मी तुला म्हटलं, नीट आंघोळ करत जा, आणि आपण दोघंही हसलो.

मध्येच एक गिऱ्हाईक येऊन गेलं. आता लिहूनच टाकतो.

आप्पांची शिकवण तुला ठाऊक नाही, तू मशीनकडे फिरकलाच नाहीस. माप घेताना आकडा मोठ्याने कमी सांगायचा आणि वहीत खरा लिहायचा. गिऱ्हाईक खूश होतं, कपडाही नीट बसतो. मी हेच तुझ्याशी करत आलोय. याच पँटींचं माप घेताना दिवाणखान्यात सगळ्यांसमोर "पस्तीस" म्हणालो, तेव्हा वहीत एकोणचाळीस लिहिलं होतं. आणि तेही पोटाखालचं, जिथे तू पट्टा बांधतोस तिथलं. डॉक्टर बेंबीपाशी मोजतात. तिथे याहून जास्तच भरेल.

तुमच्या ऑफिसातल्या तपासणीत तू टेप लावूच दिली नाहीस. "माझा सख्खा भाऊ शिंपी आहे, पस्तीस लिहा," म्हणालास. रक्तदाब थोडा चढलेला निघाला, पण कंबर बरोबर म्हणून रक्त तपासायला पाठवलं नाही. हे तू मला फोनवर अगदी फुशारकीने सांगितलंस. मी काय म्हणालो, आठवतं? "वा, टिल्लू."

तेव्हा माझा स्वतःचा रिपोर्ट माझ्या खिशात होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, भाऊ-बहीण कुणी आहे का, त्यांनाही तपासायला हवं. मी नाही म्हणालो. आहे म्हटलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं, आणि मग हा पस्तीसचा आकडा बाहेर आला असता. एवढ्यासाठी मला भाऊच नाही म्हणालो रे. तेव्हापासून चैन नाही. वहिनीला काल सांगितलं. तिने पाकीट आणि पोस्टाचं तिकीट पुढे ठेवलं.

पँटी परत पाठवतोय, न उसवता. निळ्या पँटच्या खिशात टेप आहे. बेंबीपाशी लाव, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आकडा तुझ्या धाकट्या लेकीला वाचायला लाव, कारण तू माझाच भाऊ आहेस. आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दे. माझ्यावर रागव, महिनाभर बोलू नकोस, चालेल मला. पण आधी रक्त दे.

तुझ्याशी चार इंच खोटं बोललेला,
दादा