शेवंताचं उत्तर अजून यायचंय

प्रिय आई,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. फोपनारची, खकनारची सगळी मंडळी जेवून गेली, घर रिकामं झालं आणि अप्पा माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. म्हणाले, "गुड्डी, तुह्या मायचा तो खेळ पुरा कर ना." तेव्हापासून आम्हा बापलेकीत नीट बोलणं नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून लिहायला बसले.

आठवतं का गं, तो खेळ सुरू कसा झाला? इंदूरच्या केमोनंतर तुला अंगणातसुद्धा जाऊ देत नव्हतो. टीव्ही बघून बघून तू वैतागलीस. "तू काय खेळून राह्यली एवढं? मले बी दाखव." मला वाटलं, दोन मिनिटांत कंटाळशील.

खेळानं आधी विचारलं, तुला कोण व्हायचंय? चेहरा निवड, उंची निवड, केस निवड. नुसत्या केसांवर तू अख्खी दुपार घालवलीस! तुझ्या डोक्याला तेव्हा रुमाल बांधलेला. शेवटी कमरेपर्यंतचे काळेभोर केस निवडलेस आणि म्हणालीस, "असेच होते माहे." पाणी आणायच्या निमित्तानं मी आत गेले आणि रडून घेतलं.

मग नाव. मी 'सुलोचना' टाईप करायला लागले, तर तू माझा हात धरलास. "शेवंता टाक." तुझं माहेरचं नाव! लग्नात अप्पांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं सुलोचना लिहिलं आणि शेवंता माहेरी, देडतलाईलाच राहून गेली. मी तुझी पोटची मुलगी, आणि ते नाव तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. आधी कधी का नाही सांगितलंस?

हे असले खेळ मी कॉलेजपासून खेळते, पण त्यातली मजा मला तू दाखवलीस. मी लढाया जिंकायला धावायचे, तू गावातल्या प्रत्येकाशी बोलत बसायचीस. खेळातल्या एखाद्या घरात कुणी नसलं की पेट्या उघडून सामान उचलायचं, हे मी शिकवलं तर केवढी ओरडलीस! "लोकाच्या घरात घुसून पेट्या उघडते? हेच शिकवलं का तुले?" सगळं परत ठेवायला लावलंस. डोंगरातला राक्षस गाव जाळणार म्हणून सगळे घाबरलेले, आणि तू कुणाची तरी हरवलेली शेळी शोधत फिरत होतीस. "तो बसलाय ना गुहेत? बसू दे त्याले. त्या बाईची शेळी आधी." पुढं त्या बाईनं शेवंताला नावानं हाक मारली, तेव्हाचा तुझा चेहरा मी विसरणार नाही. "ओळखलं बघ तिनं मले!"

इंग्रजी वाक्यांचं मी मराठी करून सांगायचे. कुणी काही विचारलं की खाली तीन-चार उत्तरं यायची. तू म्हणालीस, "यातलं मी कोणतं बी बोलू शकते?" कोणतंही, आई. "आन् कोणी काही म्हणणार नाही?" म्हणतील की, पण तू बोललीस तशीच गोष्ट पुढं जाईल. तुला हेच फार आवडलं होतं. आपण बोललो की पुढचं बदलतं, एवढं साधं! आपल्या घरात तुला असं कुणी कधी विचारलं? शेतात काय लावायचं, मला कोणत्या कॉलेजात घालायचं, तुला बऱ्हाणपुरातच दाखवायचं की इंदूरला न्यायचं, सगळं आम्ही ठरवायचो आणि तू "बरं" म्हणायचीस.

पडद्यावर शेवंताची ताकद वाढत चालली आणि इकडे तुला उशीवरून मान उचलवेना. खेळात औषध घेतलं की जिवाची लाल पट्टी लगेच भरते. मला त्या पट्टीचा राग यायचा, आई. फार राग यायचा.

शेवटी राक्षस मेला. गावकरी गोळा झाले आणि त्यांनी शेवंताला विचारलं, "आमच्यातच राहशील, की तुझ्या घरी परत जाशील?" मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "थांब, बंद कर. विचार करून सांगते." त्यानंतर तू खेळायला उठून बसलीच नाहीस.

एवढा कसला विचार करायचा होता गं? मला वाटलं होतं, तू पटकन 'घरी' म्हणशील.

तू 'घरी' म्हणाली नाहीस, हेच अप्पांनाही लागलंय. परवा म्हणाले, "ती घरी येते, असं कर."

मी म्हटलं, "अप्पा, ते तिनं ठरवायचं होतं."

"आता ती कुठून ठरवणार? दाब ना, एक बटन तर आहे."

मी नाही दाबलं. त्यांचे डोळे भरून आले. टोपी घातली आणि शेतावर निघून गेले, चहा तसाच राहिला. किती खचलेत ते, तू बघायला हवं होतंस. त्या बटणानं त्यांच्या जिवाला थोडा आराम पडला असता.

आणि मला नाही का वाटत? रोज खेळ उघडते, माउस 'घरी'वर नेते. शेवंता तिथं उभी असते, वाऱ्यानं तिचे केस हलत असतात. बटण दाबलं की झालं. पण ते उत्तर आमचं असेल. तू आलीस म्हणून आम्ही दोघं खूश होऊ, आणि तुला विचारलेलं नसेल, नेहमीसारखंच.

म्हणून वचन देते, आई. तुझ्या वतीनं मी उत्तर देणार नाही आणि अप्पांनाही देऊ देणार नाही. संध्याकाळी त्यांना जवळ बसवून हे समजावून सांगेन, कितीही रुसले तरी. तुला 'नाही येत' म्हणायचं असेल, तर तेही तू म्हणू शकतेस. मी वाईट वाटून घेईन, खूप रडेन, पण तुला "असं का?" म्हणून विचारणार नाही.

तुझीच,
गुड्डी