बिनकढईची दिवाळी

माय,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम सोडलं.

तुला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. तेरवीला आलेले सगळे तुझ्याबद्दल गोडगोड बोलले, मीही मान हलवली. पण परवा माहेरी सिहोऱ्यात, तुझ्याच रांधणीच्या खोलीत बसून असं काही ऐकलं की तेव्हापासून तुझ्याशी भांडायचंय. भांडायला तू नाहीस, म्हणून लिहिते आहे. समोर असतीस तर आपल्या बोलीत, साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं भांडले असते. कागदावर मात्र मला शाळेतलीच मराठी येते. चालवून घे.

घरात मरण झालं की त्या वर्षीच्या दिवाळीला कढई चढवायची नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस. प्रमोदने ते पाळलं. तुझा लेक तुझं सगळंच पाळतो! खरं सांगू? मी आरोहीला घेऊन भंडाऱ्याहून आले, घरात पाऊल टाकलं आणि तळणाचा वास आला नाही, तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत दिवाळीला त्या घरात मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला, आणि त्यासाठी तुला मरावं लागलं. कडू वाटतं ना ऐकायला? वाटू दे.

परी मात्र रुसून बसली होती. प्रमोदच्या लेकीला फराळ म्हणजे काय, तुला माहीतच आहे. “आत्या, आजी मेली म्हणून आमी करंज्या नाही खायच्या काय?” असं तिनं सरळ विचारलं. तिची आई प्रतिभा म्हणाली, “शेजारचे देतीलच ना वं आणून.” त्यावर परी म्हणे, “थो आपल्या घरचा थोडी होते!”

मग माझी आरोही म्हणाली, “गॅस न पेटवताच करू. आम्ही शाळेत केलं होतं.”

झालं! प्रतिभाने चटई टाकली. आरोहीने बिस्किटं पिशवीत भरली आणि परी लाटण्याने ती बडवायला लागली. अर्धा चुरा पिशवी फाटून चटईवर. त्यात दूध पावडर, कोको, थोडं दूध. खजुरातल्या बिया काढायचं काम माझ्याकडे. डाळव्याचं पीठ मिक्सरमधून काढून त्यात पिठीसाखर आणि पातळ तूप घातलं, त्याचे लाडू प्रतिभा वळत होती. पोरींचे लाडू म्हणशील तर एक बोराएवढा, एक पेरूएवढा. खोबऱ्याच्या किसात लोळवले की सगळे सारखेच पांढरे. त्यांच्या कोपरापर्यंत चॉकलेट, नाकाला खोबरं. कोणी ओरडत नव्हतं. “दूर हो, चटका बसेल” म्हणायची गरजच नव्हती. मुलांसोबत फराळ करताना इतकं हसता येतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळतंय. तू हे मला कधीच का दिलं नाहीस गं?

खजूर मळायला मी बाही वर सारली. परीची नजर तिथेच थांबली. मनगटापासून कोपरापर्यंतची ती सुरकुतलेली चकचकीत कातडी तिनं बोटाने हळूच चाचपली.

“आत्या, तुया हाताले काय झालं होतं?”

मी तोंड उघडायच्या आत दारात चहा पीत उभा असलेला प्रमोद हसत म्हणाला, “तुयी आत्या लहानपणी लय आगावू होती. आजी नको नको म्हणे, तरी हिनं कढईत हात घातला!”

त्याचा काय दोष? तेव्हा तो पाळण्यात होता. त्याला जे माहीत आहे ते तूच सांगितलेलं. दर दिवाळीला, येणाऱ्या-जाणाऱ्याला, हसत हसत. आता तू नाहीस, तर ते पुढच्या पिढीला सांगायचं काम तुझ्या लेकाने घेतलं.

मी म्हणाले, “परी, बाबा सांगून राहिला थे खरं नोहे.” आणि पोरींना सगळं सांगितलं.

तुलाही सांगते. तुला आठवत नव्हतं ना? मग ऐक.

मी नऊ वर्षांची होते. अंगणात विटांची चूल मांडून तू करंज्या तळत होतीस. शेजारच्या ओसरीवर बांगड्यावाली आली. झारा माझ्या हातात देऊन तू म्हणालीस, “पाहजो, जळू देजो नको.” आणि गेलीस. मी खरंच पाहत होते गं! एकही करंजी जळू दिली नाही. चुलीची वीट सरकली, कढई कलंडली आणि तेल माझ्या डाव्या हातावर आलं. तू धावत आलीस. एका हातात नव्या हिरव्या बांगड्या, दुसरा हात रिकामा. हाताला ओली कणीक थापलीस. तोवर सगळं ठीक होतं. चूक कोणाकडूनही होते, एवढं मला आज कळतं.

पण मग बाबा शेतावरून आले. “काय झालं?” त्यांनी विचारलं. आणि तू म्हणालीस, “आयकते कुठं? नको नको म्हणत कढईत हात घातला भवानीनं!”

बाबांनी माझा चांगला हात धरून मला गदागदा हलवलं. मी तुझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता बोलशील. आता बोलशील. तू खाली वाकून सांडलेल्या करंज्या वेचत राहिलीस.

बाबांची भीती वाटली असेल तुला. समजा, वाटली. पण बाबा गेल्यावर? त्यानंतरही इतकी वर्षं होती ना तुझ्याकडे! मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा पूर्ण बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलंस आणि वर त्यांनाही तीच गोष्ट ऐकवलीस. पोरगी खोडकर होती म्हणे! मी खोडकर होते का गं? तूच सांग, मला घरात कधी खोडी करायची सवड दिली होतीस?

पोरींनी हे सगळं ऐकून घेतलं. परीने विचारलं, “मंग आजीनं खोटं काहून सांगतलं?”

प्रमोदने कप दाणकन ओट्यावर ठेवला. “ताई, पोट्ट्यांसमोर हे कायले? गेलेल्या माणसाबद्दल कोनी असं बोलते काय?” आणि तो ताडताड बांधीकडे, शेतावर निघून गेला. धान कापायला आलं होतं, त्याला निमित्त मिळालं.

मला वाटलं, प्रतिभाही चिडली असणार. ती लाडू वळत राहिली. पोरी हात धुवायला गेल्या तेव्हा हळूच म्हणाली, “ताई, तुमचं खरं आहे. मले तुमच्या आईनंच सांगतलं होतं.”

“काय सांगतलं होतं?”

“मी तळाले बसली का त्या परीले घरात थांबूच देत नव्हत्या. तिले घेऊन तलावाच्या पाळीवर जात. एक डाव मी हासली, तं मले म्हनाल्या, पोट्टीच्या भरवशावर कढई सोडू नये. मी सोडली होती, माया कल्पीचा हात जळला.”

माय!

शेवटच्या दुखण्यात तू माझ्याकडे भंडाऱ्याला होतीस. तुझे पाय चेपताना मी एकदाच, फक्त एकदाच विचारलं होतं, “माय, तू बाबाजवळ खोटं काहून बोलली?” तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. “काय बोलून राहिली? मले काही आठवत नाही.” मी विश्वास ठेवला. म्हातारी झाली, विसरली असेल, अशी मनाची समजूत घातली. त्या समजुतीवरच तुझं सगळं केलं, तुला खांदा देताना रडलेही.

आणि तू विसरली नव्हतीस! तुला सगळं आठवत होतं. शब्द न् शब्द. सुनेला सांगता आलं, मला नाही? काल घरात आलेल्या पोरीजवळ तुझी जीभ उचलली, आणि जिचा हात जळला तिच्यापुढे ती जड झाली? प्रतिभाला वाटलं, हे ऐकून माझं मन निवेल. तिला मी काही बोलले नाही. पण त्या क्षणी मला तुझा जितका राग आला, तितका त्या नऊ वर्षांच्या वयातही आला नव्हता. पोर जपायचं कसं, तुला येत होतं तर. नातीला जपलंस. मग जिला जपलं नाहीस, तिला निदान “माझं चुकलं” एवढं म्हणायचंस. किती शब्द लागतात गं त्याला?

दिवेलागणीला प्रमोद परतला. पोरींजवळ चटईवर बसला, परीने त्याच्या तोंडात एक लाडू कोंबला. त्याने तो खाल्ला. मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, “ताई, लय दुखलं होतं काय वं?”

त्या घरात हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. “लय दुखलं रे,” मी म्हणाले. बस, एवढंच.

परी वाटीत लाडू घेऊन तुझ्या फोटोपाशी उभी राहिली आणि माझ्याकडे वळली. “आत्या, आजीले ठेवू काय?”

“तुयी आजी आहे, तू ठेव,” मी म्हणाले. तिने ठेवले. मी उठले नाही.

वर्षश्राद्धाला मी येईन. पान वाढीन, वाकून नमस्कारही करीन, कारण जन्म तू दिलास. पण एक शब्द देते, तो नीट ऐकून ठेव. यापुढे माझ्या हाताबद्दल कोणीही विचारलं, तर जसं झालं तसंच सांगेन, तुझं नाव घेऊन. तिखटमीठ लावणार नाही. परीला तू जपलंस, तेही सांगेन, कारण तेही खरंच आहे. आणि आईला माफ केलं का, असं कोणी विचारलं, तर तुझ्यासारखं तोंड भिंतीकडे फिरवणार नाही. त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणेन, नाही.

तुझी थोरली,
कल्पना