बीमखालचा काटा

३ फेब्रुवारी
सदर भागातल्या कामावर आज हजर झालो. बाजारामागच्या गल्लीत वामनराव आणि प्रेमलताबाईंचं दुमजली घर. हॉलच्या छताचा बीम मधोमध खचलाय, तडे गेलेत. त्याला खालून कार्बन फायबरची पट्टी चिकटवायची. दिसायला काळं कापड, ताकद पोलादाहून जास्त. मागची खोली मला राहायला दिली. मौद्याच्या क्वार्टरमध्ये एकट्याने खिचडी गिळून विटलो होतो. इथे पहिल्याच जेवणात कोथिंबीर भरलेली सांबारवडी. दीक्षाला जाऊन अकरा महिने झाले. आज पहिल्यांदा बायकोविना पोटभर जेवलो आणि नंतर लाज वाटली.

४ फेब्रुवारी
वामनरावांना पद्धत समजावली. पट्टी फक्त नंतर येणारं ओझं उचलते. आधीचं जुन्या बीमनेच सोसायचं. म्हणून आधी वरची खोली रिकामी करायची, बीम जॅकवर उचलून धरायचा, मग पट्टी. वरची खोली त्यांच्या उन्नतीची. आठ वर्षांची पोर, सहा वर्षांपूर्वी तापाने गेली. प्रेमलताबाईंनी पलंग, दप्तर, सायकल सगळं उतरवू दिलं. त्या रडल्या नाहीत; मलाच बघवेना.

५ फेब्रुवारी
बीमखाली डायल गेज लावलं. बीम केसभर वाकला तरी काटा सरकतो. मी वर उभा राहिलो, वामनरावांनी खालून वाचलं: सहा रेघा. माझं वजन बहात्तर किलो. खाली आलो, काटा शून्यावर. साडेचारला तो आपोआप दोन रेघा सरकला. वर धावलो. खोलीत कोणी नव्हतं. सहाला काटा परत शून्यावर आला.

६ फेब्रुवारी
पुन्हा साडेचार, पुन्हा दोन रेघा. म्हणजे चोवीस किलो. उन्नतीची शाळेची रिक्षा साडेचारलाच यायची, असं प्रेमलताबाईंनी सांगितलं आणि स्टूल ओढून काट्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "पट्टी नका लावू जी. मंग काटा हालनार नाही. पोरगी आली हे मले कसं समजन?" जॅक लावायचं काम पुढे ढकललं. पट्टी चिकटवायचं रेझिन आलं नाही, असं वामनरावांना खोटंच सांगितलं.

८ फेब्रुवारी
आज सहा रेघा. दोन, आणि वर चार. चार म्हणजे अठ्ठेचाळीस किलो. दवाखान्याच्या कागदावर दीक्षाचं शेवटचं वजन मीच लिहिलं होतं. अठ्ठेचाळीस. काट्याखाली बसून लहान मुलासारखा रडलो. सहा वाजून गेले तरी काटा परतला नाही.

९ फेब्रुवारी
अकरा रेघा. तड्यात बोट जातं. प्लास्टर गळतंय. त्या दोघी आणखी कोणाला वर आणताहेत? भीती वाटते. तरी सकाळपासून साडेचारचीच वाट बघतो.

१० फेब्रुवारी
वामनरावांनी हात जोडले. या घरातून आता दुसरं कोणी जायला नको, म्हणाले. जॅक लावले, बीम उचलला. रेझिन कालवलं. अर्ध्या तासात लावावंच लागेल.

साडेचार. बीम जॅकवर आहे, काटा हलत नाही. प्रेमलताबाई माझ्याकडे बघताहेत.

एकदाच. जॅक थोडासा सैल केला— फक्त ती आली का ते—

दोन. सहा. आली.

अकरा. वीस—

जॅक परत घट्ट होत नाही— फिरतच नाही—

दीक्षा, पाय हळू टाक, खाली वामनराव चहा घेऊन