रात्री दहाचं जेवण

बंगळूर, रविवार

चि. महावीर,
आशीर्वाद, पण या वेळी हात राखून.

लेकीकडे माझं छान चाललंय. गुडघ्याचं विचारू नकोस.

आपण दोघांनी एकाच प्रतीवरून वाचलेल्या कादंबरीची मालिका पाहिलीस ना? पुस्तकात खुनी म्हणतो, 'मी रात्री दहाला चंद्राबाईंसोबत जेवत होतो.' तिथंच तो सापडतो, कारण चंद्राबाई आपल्यासारख्याच जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मालिकेत मात्र त्या दहाला पिझ्झा खातात! मग खुनी स्वतःच रडून कबुली देतो.

चाहत्यांच्या ग्रुपवर मी हे लिहिलं. कुणीतरी म्हणालं, "आजी, चालतंय की!" त्याला पहिला अंगठा तुझा.

कोल्हापुरात एकटा असतोस. हल्ली कितीला जेवतोस रे? खरं सांग.

तुझी,
आक्का